‘गवतपड’ लिहिणाऱ्या तलाठ्याचं खुलं पत्र

प्रति,
सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या माळरानांचे आराखडे आखणारे वनाधिकारी, महसूल अधिकारी आणि जिल्हा नियोजन समित्यांचे सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त तलाठी. आता या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण मी तलाठी म्हणून लागलो आणि तलाठी म्हणूनच सुटलो. १९८५ ते २०१८ या काळात सोलापूर जिल्ह्यातल्या चार सजा, म्हणजे तलाठ्याची कार्यक्षेत्रं, सांभाळल्या, चारही माळकाठच्या. हे पत्र तक्रारीचं नाही. तक्रार करायचीच झाली तर आरोपींच्या यादीत पहिलं नाव माझं घालावं लागेल.

सातबाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे गाव नमुना बारामध्ये, एक रकाना असतो : लागवडीसाठी उपलब्ध नसलेली जमीन, तिचं स्वरूप आणि क्षेत्र. पीक पाहणीला गेल्यावर जिथे ज्वारी नाही, तूर नाही, करडई नाही, तिथे आम्ही त्या रकान्यात लिहायचो ‘गवतपड’. शब्द चांगला आहे. त्यात गवत आधी येतं आणि पड नंतर. पण चावडीतून तहसीलला, तहसीलमधून जिल्ह्याला कागद जाईपर्यंत गवत वाटेत गळून जायचं आणि वर नुसती पड पोचायची. देशपातळीवर उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे झाले, त्यांत झुडपी माळाचं नाव ‘वेस्टलँड’ पडलं. वाया गेलेली जमीन. इंग्रजांच्या महसुलात ज्या जमिनीतून सारा निघत नाही ती वाया गेलेली, हे समजण्यासारखं होतं. आपण तेच खातं तसंच पुढे ओढत आलो.

१९८७ च्या पावसाळ्यातली गोष्ट सांगतो. खरिपाची पीक पाहणी चालू होती. काखेत दप्तर, पुढे कोतवाल, मागे मी. एका गायरानाच्या टेकाडावर पोचलो आणि कोतवालाने माझी बाही धरून मला खाली बसवलं. अडीचशे-तीनशे पावलांवर एक नर माळढोक उभा होता. मान ताठ, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखी. बघता बघता त्याने गळ्याखालची पिशवी फुगवली. ती पांढरी पिशवी लोंबत लोंबत पार पायांपर्यंत आली, शेपूट पाठीवर उलटलं आणि त्या पिशवीतून हुंकार निघाला. रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी ‘हूं’ म्हणावं तसा. आवाज कानाआधी छातीत लागला. पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी, उडू शकणाऱ्या जगातल्या सगळ्यात वजनदार पक्ष्यांपैकी एक, उंचवट्यावर उभा राहून मादीला बोलावत होता. आम्ही अर्धा तास तसेच बसलो. पायाला मुंग्या आल्या तेव्हा कोतवाल म्हणाला, “भाऊसाहेब, चला, अजून दोन गट बाकी हायेत.”

त्या दिवशी त्या गटासमोर मी काय लिहिलं? गवतपड.

त्याच गटात खोकडाची, म्हणजे माळावरच्या छोट्या कोल्ह्याची, बिळं होती, मुरमात खोदलेली, दोन-तीन तोंडांची. माळटिटवी उघड्यावर खड्यांसारखीच दिसणारी अंडी घालून आरडत असायची. धाविक होते, चंडोल होते, सकाळी पाण्यावर येणाऱ्या पखुर्ड्या होत्या. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्ये, हे शिकारी पक्षी, दिवसभर गवतावरून तरंगायचे आणि रात्री झाडावर न जाता गवतातच जमिनीवर बसायचे. हे मला फार नंतर कळलं. ओघळीत लांडगीची पिल्लं होती, हे मात्र तेव्हाच माहीत होतं, कारण धनगरांना ते माहीत होतं. यातलं काहीही लिहायला नमुना बारामध्ये रकाना नव्हता. रकाना नाही म्हणजे वस्तू नाही, हे सरकारी दप्तराचं साधं तत्त्व. मीही त्याच तत्त्वावर तेहतीस वर्षं पगार घेतला.

आता खऱ्या गुन्ह्याकडे येतो. राज्याने वृक्षलागवडीची मोहीम घेतली : २०१६ ला २ कोटी रोपं, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी. उद्दिष्ट वरून येतं, जमीन खालून दाखवावी लागते. ऊस उभा असलेला गट कुणी दाखवत नाही. घनदाट जंगल आमच्याकडे नाहीच. मग उरतं काय? बैठकीत मला विचारलं, “तुमच्या सजात पडीक किती?” मी दप्तर उघडून आकडा सांगितला. त्यात तो १९८७ चा गटही होता. दीड-दीड फुटाचे खड्डे झाले, जेसीबीने सलग समतल चर खणले, फोटो निघाले. मी त्या फोटोत आहे, हातात रोप घेऊन.

आज तिथे उंदीरमारीची राई आहे. कागदावर तिला गिरिपुष्प म्हणतात. जनावर सहसा तिला तोंड लावत नाही. कुसळी, पवन्या, शेडा, मारवेल हे सगळं चरांच्या मातीखाली गेलं आणि उकरलेल्या जागेत गाजरगवताने बस्तान बसवलं. माळाची माती मुळात वीतभर, खाली मुरूम. त्या वीतभर मातीला गवताच्या मुळांनी शेकडो वर्षं गच्च धरून ठेवलेलं असतं. पाणी आणि कर्ब, दोन्हींचा साठा त्या मुळांच्या जाळ्यात असतो, वर डोळ्यांना काही दिसत नाही इतकंच. आपण ते जाळं फाडलं आणि त्याला मृदसंधारण म्हटलं. पहिल्या वर्षी तिथून जाताना एक ओळखीचा धनगर म्हणाला, “भाऊसाहेब, झाडं लावली का आमचा वाडा उठीवला?” वाडा म्हणजे त्यांचा मेंढरांसकटचा तळ. मी गाडीची किक मारली आणि निघालो.

झाडांचा मी वैरी नाही. माझ्या दारात कडुलिंब आहे. पण ज्या मुलखात वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो तिथला माळ हे काही मेलेलं जंगल नव्हे. तो तसाच असायचा असतो, विरळ बोरी-बाभळीचा, उघडा. माळढोकाला चहूकडे दिसावं लागतं. उंच झाड आलं की त्यावर ससाणा, गरुड, कावळा बसतो आणि जमिनीवरच्या अंड्यावर नजर ठेवतो. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. एक गेलं की त्या विणीचं सगळं गेलं.

निवृत्तीनंतर, २०१९ च्या एप्रिलात, मुलाकडे अमेरिकेत गेलो होतो. तो आयडाहो राज्यात बॉयसी गावी असतो. गावाबाहेर मैलोन्‌मैल करड्या, रुपेरी झुडपांचा माळ पसरलेला. गुडघ्यापासून कमरेपर्यंत उंची, मध्ये मध्ये गवत, लांबवर डोंगर. मी बघूनच म्हणालो, “हे तर तुमच्याकडचं पडीक.” मुलाने गाडी थांबवली. मी एक पान चुरगळून नाकाला लावलं आणि चैत्रातला जोतिबाचा डोंगर आठवला. तो वास दवण्याच्या भावकीतला होता. खरंच भावकी आहे : सेजब्रश नावाचं ते झुडूप आणि आपला दवणा एकाच वनस्पतीकुळातल्या एकाच प्रजातीसमूहातले.

त्या झुडपावर जगणारा सेज ग्राउस नावाचा पक्षी आहे. कोंबड्यापेक्षा जरा थोराड. हिवाळाभर जवळजवळ फक्त त्या झुडपाची पानं खाऊन राहतो. मुलाच्या एका मित्राने आम्हाला पहाटेच्या अंधारात एका उघड्या पट्ट्याजवळ नेलं, गाडीतून उतरू दिलं नाही. फटफटलं तसे माद्यांसाठी नाचणारे वीसेक नर दिसले. छातीवरच्या दोन पिवळसर पिशव्या फुगवायचे आणि बाटलीचं बूच उडावं तसा आवाज काढायचे. काच खाली करून मी ऐकत होतो आणि बाहीला कोतवालाचा हात लागल्यासारखं वाटत होतं. हे पक्षी वर्षानुवर्षं त्याच पट्ट्यांवर येतात, म्हणून तिथल्या आराखड्यांत त्या पट्ट्यांपासून मोजणी सुरू होते. शेजारच्या वायोमिंग राज्याने २००८ मध्ये ठरवलं की राज्याचा सुमारे पाव भाग हा गाभा, त्यात बहुतांश पक्षी राहतात. त्या गाभ्यात नाचाच्या जागेपासून साधारण एक किलोमीटरच्या आत बांधकाम नको आणि एकूण क्षेत्राच्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त जमीन खणली-बांधली जाऊ नये. २०१५ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने दहा राज्यांतल्या सुमारे ६.७ कोटी एकर सरकारी जमिनीचे आराखडे बदलले.

मला चकित केलं ते वेगळ्याच गोष्टीने. परतताना एका उतारावर करवतींचा आवाज येत होता. ज्युनिपरची चांगली हिरवीगार झाडं माणसं कापत होती. मी विचारलं, चोरीची तोड का? मित्र हसला. म्हणाला, सरकारी कामच आहे. सेजब्रशच्या माळावर ज्युनिपर चढत चालला की हा पक्षी ती जागा सोडून जातो, म्हणून पैसे खर्चून झाडं काढतात. तोडलेलं झाड तिथेच आडवं. माळासाठी झाड कापण्याची तरतूद सरकारी अंदाजपत्रकात! मी त्या रात्री मुलाला दोनदा विचारलं, तू नीट ऐकलंस ना?

तिकडचं सगळं गोड आहे असं समजू नका. तेल-वायूवाले आहेत, खाणवाले आहेत. चीटग्रास नावाचं परकं गवत वणवा घेऊन येतं आणि वणव्यामागून आणखी पसरतं. एकदा जळालेलं सेजब्रश परत यायला काही दशकं लागतात. मी गेलो त्याच वर्षी नव्या सरकारने २०१५ चे आराखडे सैल केले होते आणि त्याच वर्षी आयडाहोतल्या न्यायालयाने ते बदल रोखले. पक्षी १९६५ पासून ८० टक्क्यांच्या आसपास घटलाय, दर वर्षी सरासरी १३ लाख एकर चांगला माळ बिघडतोय, हे त्यांचेच आकडे. पण २०२२ च्या त्यांच्या अभ्यासाने कामाचा क्रम स्वच्छ लावलाय : जे अजून धड आहे ते आधी राखा, मग त्याच्या कडा वाढवा, पूर्ण बिघडलेल्याची डागडुजी सगळ्यात शेवटी. आपल्याकडे धड माळावर खड्डे खणायचे आणि बिघडलेल्या माळावर फलक लावायचा, असा क्रम आहे.

आपल्याकडे आराखडा झालाच नाही असं नाही. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. त्याआधी अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात तिथले काही तुकडे चराईपासून राखले होते, गवत वाढलं आणि पक्षी आला. म्हणजे सुरुवात गवतापासून झाली होती. मग अभयारण्याची रेघ ओढली, ती ८,४९६ चौरस किलोमीटरची. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके, गावठाणं, साखर कारखाने, बाजारपेठा, सगळं आत. तलाठी म्हणून त्याचा परिणाम मी सातबाऱ्यावर पाहिलाय. माणूस मुलीच्या लग्नासाठी दोन एकर विकायला आला की कुठली तरी परवानगी आडवी यायची, आणि तो परत जाताना ज्या पक्ष्याचं नाव घेऊन शिवी द्यायचा तो पक्षी त्याच्या बापाने कौतुकाने दाखवलेला असायचा. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने ते क्षेत्र साधारण १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. आज नान्नजला एखादी मादी दिसली तरी वर्तमानपत्रात बातमी येते. देशात सगळे मिळून दीडशेच्या आत-बाहेर उरलेत, बहुतेक जैसलमेरकडे.

म्हणून पहिली विनंती रेघेबद्दलची. रेघ नकाशावर ओढण्याआधी गवतात जाऊन ओढा. गटनिहाय. कुठल्या गटात अजून मूळचं गवत आहे, कुठे बिळं आहेत, कुठे हिवाळी भोवत्यांचा मुक्काम आहे, हे गाव नमुन्याला जोडून लिहिता येतं. पीक पाहणी आता मोबाईलवर होते. जिवंत गवताचा एक स्वतंत्र प्रकार त्यात आला, आणि ‘पड’ या शब्दाखाली त्याची मोजणी थांबली, तर पुढच्या वेळी बैठकीत पडीकाचा आकडा मागणाऱ्याला माझ्यासारखा तलाठी तो गट देणार नाही. त्याच्याकडे द्यायला कागदच नसेल. शंभर-दोनशे हेक्टरचे धड तुकडे हाती लागले तरी पुष्कळ. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी अभयारण्य २.१७ चौरस किलोमीटरचं, सुप्याचं मयूरेश्वर ५.१४ चौरस किलोमीटरचं. एकात काळविटं टिकली, दुसऱ्यात चिंकारा.

अशा धड तुकड्यांवर रोपवन नको, चर नकोत. जिथे उंदीरमारी लावून झालीय तिथे ती काढण्याची तरतूद करा. वर्तमानपत्रात टीका होईल हे धरून चाला. माझं नाव पुढे करा, मी सांगेन पत्रकारांना की ती मी लावली होती.

आणि धनगर. त्यांच्याशिवाय माळाचा आराखडा म्हणजे नांगरट करून न पेरलेलं रान. दिवाळीनंतर कुणाचे वाडे कोकणाकडे उतरतात, कुणी नदीकाठ धरतो, शेतकरी धान्य-पैसे देऊन रानात मेंढरं बसवतो, पावसाळ्यात सगळे माळावर परत. कुठल्या माळाला किती दिवस विसावा दिला की पवन्या परत फुटतो, हे त्यांना तोंडपाठ. आपण चराईबंदीचा फलक लावतो तेव्हा हे सगळं ज्ञान कुंपणाबाहेर ठेवतो. चराई अति झाली की माळ उघडा पडतो, हे खरं. अजिबात थांबली की गवत माजून करपतं, हेही मी पाहिलंय. कुठे, कधी, किती मेंढरं, हे त्यांच्यासोबत बसून ठरवा. बैठक तालुक्याला नको, वाड्यावर घ्या.

लांडग्याचंही तेच. भारतभरात तो तीन हजारांच्या आसपास उरलाय, वाघाइतकाच किंवा त्याहून कमी. तो अभयारण्यात कमी आणि वाड्यामागे जास्त राहतो. वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं, लावलेली असली, कुत्रं जागं असलं तरी पहाटे एखादं कोकरू जातं. मी कित्येक धनगरांना “त्याचा वाटा त्यानं नेला” म्हणताना ऐकलंय, पण ही उदारता त्यांच्या नातवांकडे राहील याची खात्री देत नाही. भरपाईची योजना कागदावर आहे. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत वाडा दोन मुक्काम पुढे गेलेला असतो आणि कोकराचं कातडंही उरलेलं नसतं. मुक्काम हलता आहे हे गृहीत धरून मोबाईलवरच्या फोटोवर आठवड्यात पैसे मिळतील अशी पद्धत बसवा. बाकी भटक्या कुत्र्यांचं बघा. गावाकडेचे उकिरडे जोवर आहेत तोवर खोकडाला रोग आणि लांडग्याला सोयरीक दोन्ही त्यांच्याकडूनच मिळणार.

तारांबद्दल थोडक्यात. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना, समोरचं त्याला कमी दिसतं, जड अंगामुळे ऐन वेळी वळता येत नाही. उच्चदाब तारांवर तो आदळतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं, २०२४ मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञ समिती नेमली. तो वाद राजस्थान-गुजरातचा. पण आपल्याकडेही सौर प्रकल्पांसाठी सरकारी जमिनी शोधणं चालू आहे, आणि शोधणारा माणूस पुन्हा ‘पडीक किती?’ असंच विचारतोय. साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली काय झालं ते अभ्यासलं गेलंय. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात दिसलं की चक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी झाले आणि त्यामुळे सरडे वाढले, त्यांची सावध वागणूकसुद्धा बदलली. त्या सरड्यांच्या प्रजातीसमूहाचं शास्त्रीय नाव २०१६ पासून ‘सरडा’ असंच आहे, आपल्या मराठीतलं. वीज हवीच. चाळीस वर्षं रॉकेलच्या दिव्यावर दप्तर लिहिलेल्या घरातला मी आहे. पण जागा निवडताना उकरून झालेल्या खाणी, क्षारपड रानं, कालव्याच्या कडा आधी बघा. धड माळ शेवटी.

जैसलमेरजवळच्या सम इथे २०१९ पासून माळढोकांची पैदास चालू आहे. अंडी उबवून पिल्लं वाढवली जातात. एखाद्या दिवशी नान्नजला पक्षी सोडू का, असं तिथून कुणी विचारलं तर आपल्याला गटनंबर सांगावे लागतील. माझ्या जुन्या वहीत असे सव्वीस गट आहेत. त्यांतले अकरा मी गेल्या हिवाळ्यात मुलाच्या जुन्या मोटरसायकलवरून परत पाहून आलो. सातांत अजून मूळचं गवत आहे, चारांत नाही. वहीची झेरॉक्स देतो. मूळ वही देणार नाही, सरकारी दप्तराचा मला अनुभव आहे.

श्रावणात या. पाऊस थांबून दोन दिवस झाले असले की सकाळी साडेपाचला निघू. सोबत तोच धनगर असेल, त्याने यायचं कबूल केलंय, फक्त खाकी गाडी वाड्यापर्यंत आणू नका म्हणाला, कुत्री बिथरतात. पांढरे सदरे नकोत, मातकट चालतील. आणि खिशात चिमटा ठेवा, कुसळं मोज्यातून पार कातडीत जातात.

आपला नम्र,
एक निवृत्त तलाठी
(सोलापूर जिल्हा)